फोटोची उजवी बाजू

मित्रांनो, माझं वय ऐकून तुम्हाला हसू येईल. मी पंधरा वर्षांचा आहे. तुमच्यातला पंधरा वर्षांचा मुलगा दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढतो. आमच्यात मात्र हे वय म्हणजे जख्ख म्हातारपण. मी एक जुना संगणक, फोटो आणि झेरॉक्सच्या एका लहानशा दुकानातला. सध्या माझा मुक्काम दुकानाच्या मागच्या खोलीत, एका मोडक्या स्टुलावर आहे. शेजारी शाईच्या रिकाम्या बाटल्या आहेत, डोक्यावर कुणीतरी कागदांची रिकामी खोकी रचून ठेवली आहेत. माझ्या वायरी काढून, गुंडाळून, रबर लावून बाजूला टाकल्या आहेत. गप्पा मारायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही. सरकत्या पट्ट्यावर कुणी माझा पंखा बसवला, कुणी स्क्रू पिळले, कुणी पाठीवर चिठ्ठी चिकटवली आणि मला खोक्यात बंद केलं. मला नीट आठवतं ते पुढचं. खोकं उघडलं, उजेड आत आला आणि एक हसरा आवाज म्हणाला, "दादा, हळू काढ! नवरी आहे ती."

तो धाकटा होता. आणि मला दोन्ही हातांनी, श्वास रोखून बाहेर काढणारा तो थोरला. दुकान या दोन भावांचं. समोर सरकारी कचेरी होती, तिथे दिवसभर अर्ज घेऊन फिरणाऱ्यांची रीघ असायची. प्रत्येक अर्जाला फोटो लागायचा आणि प्रत्येक कागदाची नक्कल लागायची. धाकटा पडद्याआड कॅमेरा घेऊन उभा राहायचा. थोरला झेरॉक्सचं मशीन सांभाळायचा, लोकांचे अर्ज भरून द्यायचा आणि माझ्यासमोर बसायचा. दुपारी त्यांची आई डबा घेऊन यायची. खरं तर डबा हे निमित्त. तिला काउंटरमागच्या खुर्चीवर बसून माझ्या पडद्यावरचे चेहरे बघायला आवडायचं. "ह्याचे डोळे मिटलेत बघ, परत काढ," ती म्हणायची. "आणि ह्या बाईंना सांग, जरा हसा. नोकरीचा अर्ज आहे, पोलिसातली तक्रार नाही."

मित्रांनो, माझ्यात कुणी मोठमोठे प्रोग्रॅम घातले नव्हते. कारखान्यातून येताना जे अंगात होतं, त्यावरच दुकान चाललं. त्यात चित्रं रंगवायचा एक साधा प्रोग्रॅम होता. लहान मुलांनी घर, डोंगर, सूर्य काढून बघावा इतका साधा. पण त्याच्यात फोटो उघडता येतो. माउसने एक चौकट ओढली की तिच्याभोवती तुटक तुटक रेघा धावतात. मग एक बटण दाबलं की चौकटीच्या आतलं तेवढं राहतं आणि बाहेरचं सगळं नाहीसं होतं. याला दुकानात 'क्रॉप करणं' म्हणत. सहलीच्या फोटोतून एक चेहरा काढायचा, मागची भिंत काढायची, शेजारी उभ्या असलेल्याचं कोपर काढायचं, हे काम मी दिवसातून पन्नास वेळा करायचो. एकदा एका निवृत्त बाईंनी चाळीस मुलींच्या वर्गाच्या फोटोतून स्वतःचा चेहरा वेगळा करून मागितला. वाटाण्याएवढा होता तो. थोरल्याने तो कापला, मोठा केला. बाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वेण्या आईने घातल्या होत्या माझ्या." जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात फिरवला. असं कौतुक माझ्या वाट्याला खूप आलं.

या कामाचा एक नियम धाकट्याने घालून दिला होता. मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी त्याची दुसरी प्रत करायची, तिला दुसरं नाव द्यायचं आणि मग काय कापायचं ते त्या प्रतीतून कापायचं.

"एक मुंडकं काढायला किती नखरे!" थोरला सुरुवातीला कुरकुरायचा.

"दादा, कागद कापला तर तुकडे तरी हातात राहतात," धाकटा म्हणायचा. "याच्यात तुकडेच उरत नाहीत. आज नको वाटलेली बाजू उद्या कुणी मागितली, तर काय देशील? कप्पाळ?"

थोरल्याला ते पटलं. पुढे तर तो धाकट्याहून पक्का झाला. माझ्या पोटात 'मूळ' नावाचा एक कप्पा होता. तिथे हजारो माणसं त्यांच्या भिंतींसकट, शेजाऱ्यांसकट, कोपरांसकट सुखाने नांदत होती.

आता मी तुम्हाला ज्या फोटोबद्दल सांगणार आहे, तो अपघातानेच निघाला. शेजारच्या औषधाच्या दुकानाचा मालक रिकामा वेळ मिळाला की आमच्याकडे यायचा आणि दिसेल त्या वस्तूला हात लावायचा. एका दुपारी त्याने कॅमेरा उचलला. "हे बटण दाबलं की काय होतं रे?" असं म्हणत त्याने ते दाबलंही. समोर आई खुर्चीत बसली होती, अंगावर तिची गडद तांबडी शाल. फोटोत उजवीकडे धाकटा होता, एक हात तिच्या खांद्यावर टाकून वाकलेला. तो काहीतरी सांगत होता आणि आई खळखळून हसत होती. औषधवाल्याच्या हातून उभ्या आयुष्यात एवढाच एक चांगला फोटो निघाला असेल. संध्याकाळी धाकट्याने रोजच्यासारखे सगळे फोटो माझ्यात उतरवले आणि कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्या दिवसासाठी कोरं केलं. तो फोटो आता जगात फक्त माझ्याकडे होता.

त्याच वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली.

डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा, पण वय पाहता खात्री देता येत नाही. त्यावरून भावाभावांत वाजलं. दुकान बंद करता करता, अर्धं शटर ओढलेलं असताना ते बोलत होते.

"या वयात तिला फाडायचं?" थोरला म्हणाला. "आहे तितके दिवस शांतपणे जगू दे तिला."

"शांतपणे नाही जगणार ती, दादा. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? नुसती तळमळेल."

"मी परवानगी देणार नाही."

"मग मी देतो."

सही धाकट्याने केली. ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी आई गेली.

पाचव्या दिवशी सकाळी थोरल्याने एकट्याने दुकान उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याने मला सुरू केलं. घरात लावायला आणि दुकानात लावायला आईचा फोटो हवा होता. थोड्या वेळाने धाकटा आला. तो आत शिरला नाही, उंबऱ्यापाशीच उभा राहिला.

"दादा, आईचा कुठला फोटो लावतोयस?"

"तुला काय करायचंय?" थोरल्याने मान वर केली नाही. "सही करताना विचारलं होतंस का मला?"

"दादा..."

"तुझ्या हट्टापायी गेली ती. आता जा इथून. मला तुझं तोंड बघायचं नाही."

 धाकटा पडद्याआड गेला, कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली आणि निघून गेला. थोरल्याने तेव्हाही मान वर केली नाही.

त्यानंतर त्याने तो फोटो उघडला. प्रत केली नाही. दुसरं नाव दिलं नाही. सरळ मूळ फोटोवरच आईभोवती चौकट ओढली आणि बटण दाबलं. उजवी बाजू गेली. धाकट्याचा चेहरा गेला, त्याचा वाकलेला खांदा गेला. पण आईच्या खांद्यावर त्याची चार बोटं तेवढी राहिली. चौकट आणखी आत घेतली असती तर आईचा कान कापला गेला असता. म्हणून थोरल्याने शालीतला तांबडा रंग उचलला आणि एकेक ठिपका करत ती बोटं झाकली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट. त्याला तासभर लागला. त्याच्या हाताला एवढी चिकाटी मी एरवी कधी पाहिली नव्हती.

फोटो छापून झाला. पडद्यावरची खिडकी बंद करताना मी, ठरल्याप्रमाणे, विचारलं: बदल जतन करायचे का? हो, नाही, रद्द. मित्रांनो, मला यापलीकडे बोलता येत नाही. 'अहो, ही एकच प्रत आहे, तुमचं डोकं आज ठिकाणावर नाही, उद्या बघू' असं म्हणायची सोय माझ्यात कुणी केली नव्हती. त्याने 'हो' दाबलं. मी सांगितलेलं काम केलं.

आईचा फोटो चौकटीत बसला आणि काउंटरमागच्या भिंतीवर, दरवाजाच्या काचेतून दिसेल असा लागला. धाकट्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला आपलं दुकान थाटलं. सहा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. धाकट्याचं लग्न झालं, मुलगी झाली, ती चालायला लागली, शाळेत गेली, हे थोरल्याला गिऱ्हाइकांकडून कळायचं. तो "हं" म्हणायचा आणि झेरॉक्सचं झाकण जरा जोरात आपटायचा.

मीही थकत चाललो होतो. सुरू व्हायला मला इतका वेळ लागायचा की गिऱ्हाईक म्हणायचं, "तोवर चहा घेऊन येतो." माझा पंखा कण्हायचा. थोरला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "चल रे बाबा, तू तरी साथ सोडू नकोस."

मग औषधवाल्याच्या बायकोला तोच आजार झाला. त्याने घाबरून ऑपरेशन टाळलं. ती बाई सात महिने अंथरुणावर तळमळली. भिंतीपलीकडून तिचं कण्हणं आमच्या दुकानात ऐकू यायचं. ती गेली त्या दुपारी थोरला फोन हातात घेऊन बसला. धाकट्याचा नंबर पडद्यावर काढला, बराच वेळ बघितला आणि फोन खाली ठेवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. "रविवारी प्रत्यक्षच जातो," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. तो रविवार गेला. असे बरेच रविवार गेले.

एका समारंभात फोटो काढता काढता धाकटा छातीवर हात धरून खाली बसला, तो उठलाच नाही. थोरल्याला ही बातमी माझ्यासमोर बसलेला असतानाच फोनवर कळली. समोर एका गिऱ्हाइकाचा अर्धवट भरलेला अर्ज होता. त्याने तो अर्ज पूर्ण भरला, छापला, माणसाच्या हातात दिला. मग शटर ओढलं आणि आतल्या अंधारात बसून राहिला.

महिन्याभराने त्याची भावजय दुकानात आली. सोबत पाच वर्षांची मुलगी होती. भावजय काउंटरपाशी उभी राहिली आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणाली, "भाऊजी, ह्यांचा एखादा फोटो असेल का तुमच्याकडे?"

"त्याचा?" थोरला गोंधळला. "तुमच्या घरी तर ढीगभर असतील."

"आहेत ना. हजार फोटो आहेत. सगळे माझे आणि हिचे. काढणारे तेच, मग ते कुठून येणार त्यात?"

"लग्नातले?"

"कचेरीत झालं आमचं लग्न. दोनच फोटो निघाले. टायमर लावून धावत आले, दोन्हींत चेहरा हललाय." ती किंचित हसली. "ओळखपत्रावरचा आहे एक. पण हिला तो आवडत नाही."

"त्यात बाबा रागावलेत," मुलगी म्हणाली. "ते असे नव्हतेच."

"आईंबरोबर एक हसतानाचा होता म्हणायचे," भावजय म्हणाली. "औषधवाल्यांनी काढलेला."

थोरल्याचा चेहरा उतरला. माझ्या पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता, म्हणून मला तो नीट दिसला. "शोधतो," तो म्हणाला. "जुनं मशीन आहे, वेळ लागेल. चार दिवसांनी ये."

त्या चार दिवसांत त्याने माझा कोपरानकोपरा धुंडाळला. 'मूळ'चा कप्पा हजारदा वरखाली केला. कचऱ्याची टोपली उपसली. शेवटी दुरुस्तीवालीला बोलावलं. ती हुशार बाई, मरायला टेकलेली मशीनं उठवणारी. तिने माझं झाकण उघडलं, तिची यंत्रं जोडली, दोन तास खटपट केली.

"काका, फाइल पुसली असती तर काहीतरी आशा होती," ती म्हणाली. "पण तुम्ही कापलेला फोटो त्याच नावाने ठेवलात. जुन्याच्या जागी नवा बसला. वर इतकी वर्षं त्यावर काम चाललंय."

"पण तेव्हा एक पाऊल मागे जाता येतं ना? चुकलं की मागे घ्यायचं बटण असतं."

"खिडकी बंद करेपर्यंत असतं, काका. एकदा बंद केली की नाही."

मित्रांनो, माझ्या पोटात त्या दुकानात येऊन गेलेली सगळी दुनिया होती. अनोळखी माणसांची कोपरं होती, पाठी होत्या, कुणाकुणाच्या मागे उभी असलेली कुत्री होती. फक्त दुकानाच्या अर्ध्या मालकाचा चेहरा नव्हता. मी यंत्र आहे, मला लाज वाटू नये. पण त्या दिवशी माझा पंखा उगाचच गरगरत राहिला.

चौथ्या दिवशी भावजय आणि मुलगी आल्या. थोरल्याने मनाशी काहीतरी जुळवून ठेवलं होतं, मशीन बिघडलं, फाइल खराब झाली, असं काहीसं. आदल्या दिवशी तो ते पुटपुटून बघत होता. पण मुलगी काउंटरला हनुवटी टेकवून उभी राहिली आणि त्याच्या तोंडून ते निघेना.

"सापडला नाही," तो म्हणाला.  "सापडणार नाही. मीच कापला तो. आई गेली त्या आठवड्यात. रागात होतो. त्याला काढून टाकलं आणि मूळ ठेवलं नाही."

भावजयीने डोळे मिटून घेतले. ती हळूच म्हणाली, "कापलाय ते माहीत होतं आम्हाला."

"कसं?"

"ते आले होते एकदा इथे. तुमच्याशी बोलायचं म्हणून. बाहेर काचेपाशी उभे राहिले, भिंतीवरचा फोटो पाहिला आणि तसेच परत आले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, शालीचा रंग मस्त जुळवलाय दादाने. माझी चार बोटं होती तिथे, पत्ताच लागत नाही."

थोरल्याने काउंटर घट्ट धरला.

"तुमच्यावर राग नव्हता त्यांचा," ती पुढे म्हणाली. "उलट म्हणायचे, दादाचंच बरोबर होतं, मी उगाच हट्ट केला. शेवटपर्यंत तेच म्हणत होते. आणि म्हणायचे, दादा कितीही तापला तरी मूळ फोटो फेकणार नाही. कधीतरी आपण तो मागून आणू. म्हणून आले मी, भाऊजी. नाहीतर आले नसते."

"बरोबर मी नव्हतो," थोरला म्हणाला.  "तोच बरोबर होता. मला कळलं होतं ते. येणार होतो मी सांगायला. रविवारी येणार होतो."

 

मुलगी मात्र एवढा वेळ भिंतीकडे बघत होती. ती काउंटरला वळसा घालून आत आली आणि फोटोखाली उभी राहिली.

"काका, आजी कुणाकडे बघतेय?"

थोरल्याने मागे वळून पाहिलं. सहा वर्षं तो फोटो त्याच्या पाठीशी होता. आईचे डोळे समोर नव्हते. ते जरासे उजवीकडे, चौकटीच्या कडेच्या बाहेर वळलेले होते, आणि हसू तिकडेच सांडलेलं होतं.

"तुझ्या बाबाकडे," तो म्हणाला.

मुलगी खुर्चीवर चढली. तिने चौकटीच्या उजवीकडे, उघड्या भिंतीवर तळहात ठेवला. "म्हणजे बाबा इथे होते?"

"थोडा वर. हां, तिथेच."

तिने हात तिथे बराच वेळ ठेवला. भिंत पांढरी होती, चुन्याची. खुर्चीवरून उतरली तेव्हा तिचा तळहात पांढरा झाला होता आणि तो तिने फ्रॉकला पुसला नाही. जाताना भावजयीने आईच्या त्याच फोटोची एक प्रत मागून घेतली. दुसरं न्यायला काही नव्हतंच. रविवारी घरी या, असं ती म्हणाली नाही. येतो, असं थोरलाही म्हणाला नाही.

त्यानंतर मी आणखी वर्षभर चाललो. कुणी घोळक्यातला फोटो आणून "ह्यातला मी तेवढा काढा" म्हणालं, की थोरला आधी मूळ दोन ठिकाणी ठेवायचा. मग पडद्यावर बोट ठेवून विचारायचा, "हे शेजारचे कोण?" लोकांना घाई असायची. कुणी सांगायचं, कुणी वैतागायचं, कुणी म्हणायचं, "असेल कुणीतरी, तुम्ही कापा हो." तो कापायचा. एक दिवस मी सुरूच झालो नाही. दुकानात नवा संगणक आला. माझ्यातलं सगळं त्याच्यात गेलं आणि मी या खोलीत आलो. उद्या भंगारवाला येणार आहे. माझी तक्रार नाही. माझे सुटे भाग कुणाच्या उपयोगी पडले तर चांगलंच आहे.

मित्रांनो, तुम्ही फोटो कापाल. कापा, त्यात काही वाईट नाही. फक्त रागात असताना कापू नका आणि मूळ प्रत बाजूला ठेवल्याशिवाय कापू नका. आणि आणखी एक करा. तुमच्या घरात कुणीतरी एक माणूस असेल, सगळ्यांना ओळीत उभं करणारं, "जरा जवळ या, हसा" म्हणणारं, आणि स्वतः मात्र कुठल्याच फोटोत नसलेलं. आई असेल, काका असेल, मोठी बहीण असेल. आज घरी गेलात की त्यांच्या हातातून कॅमेरा काढून घ्या. ते म्हणतील, "माझा कशाला? केस विस्कटलेत." तुम्ही ऐकू नका. त्यांना उजेडात उभं करा आणि बटण दाबा.